घोरण्याची तपासणी: पुण्यातल्या एका स्लीप लॅबला पाचपैकी चार

कापलेला एक तारा झोपेत लावायचं श्वासाचं मशीन गळ्यात मारायच्या घाईबद्दल. बाकी तपासणीला नाव ठेवायला जागा नाही. सेंटरचं नाव मुद्दाम टाळते, कारण तो तारा अजून बऱ्याच ठिकाणी कापावा लागेल असं ऐकून आहे.

आमचे हे घोरतात यात नवीन काहीच नव्हतं. दमलेल्या माणसाला गाढ झोप लागते, असं सासूबाईंनी लग्नानंतर लगेच ऐकवलं होतं. अलीकडे मात्र घोरता घोरता एकदम बंद. मी अंधारात आकडे मोजायचे, आणि मग घुसमटल्यासारखा आवाज काढून हे दचकायचे. सकाळी डोकं जड. रात्री लघवीला सारखं उठणं, म्हणून आधी प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली, शुगर झाली, दोन्ही नॉर्मल. बीपीच्या एका गोळीच्या दोन झाल्या तरी बीपी हटेना. त्यात यांची शाळेच्या मुलांची व्हॅन. सिग्नलला डोळा लागला आणि मागून हॉर्न वाजले, हे त्यांनी हसत हसत सांगितलं, तेव्हा मला काही हसू आलं नाही.

साताऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांनी एक कागद भरायला दिला. टीव्ही बघताना, वाचताना, दुपारी जेवून बसल्यावर डुलकी लागते का, असे आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दहाच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. यांचे सतरा आले, तेही मी शेजारी बसून उत्तरं दुरुस्त केली म्हणून. मग टेपने गळ्याचा घेर मोजला आणि पुण्याची चिठ्ठी दिली. बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा बातमीत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, हा शब्द वाचला होता. तो आपल्या घरात शिरेल असं कुठे वाटलं होतं!

लॅब म्हणजे साधी खोली, पलंग, एसी, वर कोपऱ्यात कॅमेरा. रात्रपाळीची टेक्निशियन मुलगी, हिच्यासाठीच चार तारे. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायाला वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. हे चिडून म्हणाले, "अशात झोप कुणाला येणार?" ती म्हणाली, "काका, सगळे हेच म्हणतात आणि सगळे झोपतात." दहा मिनिटांत घोरणं सुरू.

मध्यरात्रीनंतर तिने येऊन यांना मास्क लावला, मशीनमधून दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारा. पहिल्या भागात आजार दिसला, तर उरलेल्या रात्रीत हवेचा दाब किती लागतो ते त्याच वेळी बघून घेतात, म्हणजे दुसरी रात्र आणि दुसरं बिल वाचतं. हे सगळीकडे करतातच असं नाही, नाव नोंदवतानाच विचारा. नवीन फॅड आहे हे, असं यांचं मत. त्यावर ती म्हणाली, "नाही हो काका, हे मशीन ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरांनी १९८१ मध्येच आणलंय." त्या मास्कमध्ये हे पहाटेपर्यंत न घोरता झोपले. माझीच झोप उडाली, इतकी शांतता सवयीची नव्हती.

रिपोर्ट: तासाला ४३ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, ऑक्सिजन ७१ पर्यंत खाली. श्वासाचा आकडा तासाला पाचपर्यंत चालतो, तिसाच्या पुढे गंभीर. आणि दहा सेकंद किंवा जास्त थांबला तरच मोजतात, खुसपट काढून फुगवलेला आकडा नाही हा. डॉक्टरांनी वेळ देऊन समजावलं. उपचार नीट सुरू होऊन झोप ताळ्यावर येईपर्यंत व्हॅन चालवायची नाही, हे त्यांनी यांच्या तोंडावर सांगितलं, मी सांगून ऐकलं नसतं.

आता तारा. डॉक्टर रिपोर्ट वाचायच्या आधीच सकाळच्या चहाबरोबर एक गृहस्थ माहितीपत्रक घेऊन हजर. "आजच घेतलंत तर डिस्काउंट." मशीन साठ हजारांच्या आसपास. आम्ही नाही म्हटलं आणि दुसरीकडून महिनाभर भाड्याने घेतलं. तेच करा. कारण मशीन कुठलंही असो, खरी कुस्ती मास्कशी आहे. यांना भरघोस मिशी, नाकावरचा मास्क कडेने हवा सोडायचा आणि ती थेट डोळ्यात जायची. तोंड उघडून झोपायची सवय, म्हणून शेवटी नाक-तोंड दोन्ही झाकणारा बसला. भाड्यात मास्क बदलून मिळाले. विकत घेतलं असतं तर कपाटावर ठेवून दिलं असतं यांनी.

एका नातेवाइकांनी वापरलेलं मशीन स्वस्तात देऊ केलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी मॉडेल तपासा. २०२१ मध्ये फिलिप्सने आतल्या फोमच्या कारणाने बरीच मशीनं परत मागवली होती. आम्ही नको म्हटलं. आणखी एक खर्च कुणी सांगत नाही, इन्व्हर्टरचा. वीज गेली की मशीन बंद.

जाणाऱ्यांनी डोक्याला तेल लावू नका, वायरी चिकटत नाहीत. दुपारनंतर चहा नको. रोजच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सोबत न्या. आणि सोबत्याला फक्त खुर्ची मिळते, एसी कुणी कमी करत नाही, तेव्हा जाड शाल घ्या.