शहापुरात घेतलेली अकीकाची माळ

शहापूरच्या खडेबाजारात एका पटवेकऱ्याच्या दुकानातून अकीकाची, म्हणजे लालसर रंगाच्या एका दगडाच्या मण्यांची, माळ घेतली. मी हायस्कूलला इतिहास शिकवते. माळ अंगावर मिरवायला कमी आणि वर्गात दाखवायला जास्त घेतलीय.

त्यामागची गोष्ट अशी. इंग्लंडमध्ये रेप्टन नावाचं गाव आहे. 873 च्या हिवाळ्यात वायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लढवय्यांच्या, फौजेचा तळ तिथं पडला होता. खोदकामात एकाच जागी किमान 264 माणसांची हाडं निघाली. पण रेडिओकार्बनने (हाडातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत) त्यातली काही त्या फौजेच्याही आधीची दिसत, म्हणून ही माणसं नक्की कोण यावर वाद होता. 2018 साली पुरातत्त्वज्ञ कॅट जार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सोडवला. समुद्राची मासळी भरपूर खाणाऱ्याच्या हाडात जुना कार्बन उतरतो आणि हाडं आहेत त्याहून जुनी वाटतात. तो फरक धरल्यावर तारखा 873 शी जुळल्या. आणि त्याच दफनात होता अकीकाचा एक मणी, बहुधा आपल्या गुजरातेतला! अरबी समुद्र, बगदाद, रशियातल्या नद्या, बाल्टिक असा माल वर सरकत असे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर 1999 साली सापडलेल्या एकाच ठेव्यात चांदीची चौदा हजारांवर नाणी होती, बहुतेक अरबी. वायकिंग म्हणजे नुसती कुऱ्हाड आणि लुटालूट एवढंच मुलांच्या डोक्यात राहू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या इतिहासात आपल्याकडच्या कारागिराचा हात आहे.

आता माळेबद्दल. दुकानातले काका स्वतःच म्हणाले, "ताई, दिव्यासमोर धरा, मग काय ते ठरवा." धरली. आत ढगासारखे पट्टे, एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला मधासारखा फिकट रंग. काचेच्या मण्यात सहसा असं होत नाही. तिथं रंग बहुधा सगळीकडे सारखा आणि कधी कधी आत बुडबुडे. गुजरातेतल्या खंबायतला हा दगड भाजतात, त्यातल्या लोखंडामुळे लाली चढते. भोक पाडायला टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवलेली सळई, कमानीच्या दोरीनं फिरवायची. माझ्या माळेतली भोकं बारीक आणि सरळ आहेत, कडा कुठं फुटलेल्या नाहीत. दोनेक मणी जरा ओबडधोबड आहेत, ते मला उलट आवडले.

ओवणी चांगली, प्रत्येक मण्यामागे गाठ आहे, त्यामुळे दोरा तुटला तरी सगळे मणी घरंगळणार नाहीत. मागचा आकडा मात्र फारच हलका, आठवड्यात वाकला. काकांनी पैसे न घेता बदलून दिला, तरी आधीच जाड लावायला हवा होता. किंमत काचेच्या माळेच्या कितीतरी पट आहे, पण घासाघीस केली तर थोडं सोडतात. घ्यायची असेल तर दिवसाउजेडी जा आणि आकडा जाड मागून घ्या.