टेबल लावायचं की खोलीवरच बसायचं?

पुण्यात शिकायला आलेल्या मुलांना खोली मिळाली, मेस लागली की पुढचा प्रश्न येतो तो अभ्यासिकेचा. नवी पेठ, शास्त्री रोड, सदाशिव पेठ या पट्ट्यात बोळाबोळांत अभ्यासिका आहेत. शेजारच्या खोलीतल्या मुलाने टेबल लावलं, म्हणजे महिन्याची फी भरून तिथली बसायची जागा घेतली, की आपल्यालाही वाटतं, आपणही लावावं. पण जरा थांबा.

या अभ्यासिका मुख्यतः स्पर्धा परीक्षावाल्यांच्या जोरावर चालतात. असा मुलगा सकाळी येतो, पुस्तकं तिथेच ठेवतो, जेवायला मेसला जातो आणि रात्री खोलीवर फक्त झोपायला परततो. फी महिन्याची असते, ती त्याला परवडते. तुमचं, कॉलेजवाल्यांचं, तसं नाही. लेक्चर, प्रॅक्टिकल आणि जर्नल उरकून संध्याकाळचे तीन तास हाती राहतात. त्यात कर्वेनगरहून नवी पेठेत जाऊन-येऊन पाऊण तास धरला, तर सहा दिवसांचे साडेचार तास रस्त्यातच गेले. पावसाळ्यातलं तर विचारूच नका.

तरीही अभ्यासिकेचं एक मोठेपण मान्य केलंच पाहिजे. आजूबाजूला वीस माना खाली असताना आपली मानही खालीच राहते. खोलीवर हे होत नाही. तिथे पलंग आहे, रूमीचा, म्हणजे रूम पार्टनरचा, फोन आहे आणि नऊ वाजता ‘चल, चहा मारून येऊ’ म्हणणारा कुणीतरी आहेच. (चहावाले अभ्यासिकेबाहेरही आहेत, आणि तिथे दहा मिनिटांची सुट्टी चाळीस मिनिटांची कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे.)

मला अडचण वेगळीच वाटते. अभ्यासिकेत बोलता येत नाही, त्यामुळे अभ्यास म्हणजे वाचणं आणि हायलायटर फिरवणं, एवढंच उरतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. आपली एन्डसेम, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, काही पाच मिनिटांनी नसते. अभ्यासिकेत बसायचंच असेल तर शेवटची वीस मिनिटं वही मिटून कोऱ्या कागदाला द्या. रूमीला धडा समजावून सांगण्याची सोय मात्र खोलीवरच आहे, आणि तीही फुकट.

अभ्यासाच्या वेळेचे तुकडे कसे पाडायचे तेही जागेवर ठरतं. 25 मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवरून काढली. व्याख्या, कायद्याची कलमं, अर्थशास्त्राच्या नोट्स यांना ती छान लागू पडते, आणि खोलीवर तर हवीच, कारण तिथे मन सारखं पळतं. पण एम-थ्रीचं (इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरचं) मोठं गणित किंवा कोडिंगची असाइनमेंट निम्म्यावर असताना घंटा वाजली की चिडचिडच होते. त्यासाठी सलग दीड तास हवा, आणि तो अभ्यासिकेत सहज मिळतो.

कॉलेजच्या लायब्ररीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. संदर्भग्रंथ हाताशी, वेगळी फी नाही, प्रवास नाही. लवकर बंद होते एवढीच उणीव. पण दोन लेक्चरमधला रिकामा तास कट्ट्यावर जातो, तो तिथे घालवला तर संध्याकाळचं ओझं निम्मं होतं.

मला विचाराल तर पहिल्या वर्षाला टेबल लावू नका. रिकामा तास लायब्ररीत, रात्री दीड तास खोलीवर, एवढ्यात भागतं. खोलीत चौघं राहत असाल, किंवा केटी (नापास होऊन मागे राहिलेले विषय) साठल्या असतील, तर अभ्यासिका घ्या, पण खोलीपासून चालत दहा मिनिटांत असेल तीच. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, एकच महिना लावून बघा. बघायला जाल तेव्हा संध्याकाळी सातला जा, दुपारी सगळ्याच अभ्यासिका शांत वाटतात. खुर्चीवर अर्धा तास बसून पाहा, टेबल ठरलेलं मिळणार की येईल त्याचं ते विचारा, आणि जागा तळघरात असेल तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का तेही बघून घ्या.