रक्तवाहिनी मोकळी करणे की मेंदू जपणे : पक्षाघातावरील औषधांचा तुलनात्मक आढावा

अंगावरून वारे गेलेल्या रुग्णाला घेऊन कोल्हापुरातील एखाद्या रुग्णालयात पोहोचलेल्या कुटुंबापुढे पहिल्या काही तासांतच दोन वेगळ्या प्रकारचे उपचार मांडले जातात. पहिला मेंदूकडे जाणारी बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी करण्याचा, आणि दुसरा रक्त कमी पडलेल्या पेशींनी तग धरावा म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांचा. मेडिकलच्या बिलावर दोन्हींची नावे एकाखाली एक छापलेली असल्यामुळे त्यांचे महत्त्वही सारखेच असावे, असा समज सहज होतो. त्यांच्यामागील पुराव्यांत मात्र फार मोठे अंतर आहे आणि निर्णय घेणाऱ्याने ते आधी समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. हे विवेचन गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघातापुरते आहे. मेंदूत रक्तस्राव झाल्यानेही अगदी तशीच लक्षणे दिसतात, आणि त्यांतील फरक सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

निरोगी मेंदूच्या दर 100 ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त मिळते. हा पुरवठा 20 मिलिलिटरच्या खाली घसरला की पेशींचे काम बंद पडते, आणि 10 च्याही खाली गेला की त्या थोड्याच वेळात मरतात. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यातील पेशी काम करत नसल्या तरी जिवंत असतात, आणि सगळे संशोधन याच पट्ट्यासाठी चालले आहे. मोठी रक्तवाहिनी बंद राहिली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असे गणित 2006 मध्ये मांडले गेले.

रक्तवाहिनी मोकळी करण्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. अल्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिल्यास अपंगत्व कमी होते, हे 1995 मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले आणि 2008 च्या युरोपीय अभ्यासाने ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. त्याची जोखीमही खरी आहे. 1995 च्या त्या अभ्यासात इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे 6 टक्के रुग्णांच्या मेंदूत प्रकृती बिघडवणारा रक्तस्राव झाला होता, आणि तरीही तीन महिन्यांनंतरचा एकूण हिशेब इंजेक्शनच्याच बाजूने राहिला. अल्टेप्लेसचा बहुतांश डोस तासभर सलाइनमधून सोडावा लागतो, तर टेनेक्टेप्लेस एकाच झटक्यात टोचता येते. ते अल्टेप्लेसपेक्षा कमी नाही, हे 2022 मध्ये कॅनडातील दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले. पुण्यातील जेनोव्हा कंपनी हे औषध तयार करते. चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याच्या रुग्णाला एका ठिकाणी इंजेक्शन देऊन पुढे हलवायचे असेल, तेव्हा एका टोचणीत काम होणे ही लहान सोय नव्हे. मोठ्या वाहिनीतील गुठळी तारेच्या साहाय्याने काढण्याची थ्रॉम्बेक्टॉमी 2015 मधील पाच अभ्यासांनी प्रस्थापित केली, आणि 2018 पासून निवडक रुग्णांत ती 24 तासांपर्यंत करता येते.

येथे वेळ कशी मोजतात, हे घरच्यांना माहीत असणे अत्यंत आवश्यक आहे. रात्री दहाला धडधाकट झोपलेल्या माणसाचा हात पहाटे पाचला उठताना लुळा आढळला, तर घड्याळ पाचपासून नव्हे, दहापासून धरतात. त्यामुळे ‘शेवटचे नीट बोलताना कोणी आणि किती वाजता पाहिले’ याचे अचूक उत्तर देणारी व्यक्ती रुग्णासोबत 108 च्या गाडीत असावी.

आता दुसरी बाजू. रक्ताभावात पेशींतून ग्लुटामेट हे चेतापेशींना उत्तेजित करणारे रसायन बाहेर पडते, कॅल्शियम आत घुसते आणि घातक मुक्त मूलके तयार होतात. ही साखळी औषधाने तोडावी, ही कल्पना शास्त्रीयदृष्ट्या सुंदर आहे. 2006 मध्ये घेतलेल्या एका आढाव्यात असे तब्बल 1,026 प्रायोगिक उपचार मोजले गेले, पण प्राण्यांत यशस्वी ठरलेली औषधे माणसांत एकामागून एक निष्फळ ठरली. याची कारणे आता बरीच स्पष्ट आहेत. प्रयोगातील उंदीर तरुण आणि निरोगी असतो, त्याला औषध कित्येकदा वाहिनी बंद करण्याआधीच किंवा लगेच नंतर मिळते. आपला रुग्ण साठीचा, मधुमेह आणि रक्तदाब असलेला, आणि काही तास उशिरा आलेला असतो. शिवाय पाटाचे पाणी तुटलेल्या उसाला खत घालून जसा उपयोग नसतो, तसेच वाहिनी बंद असताना औषध त्या पेशींपर्यंत पुरेसे पोहोचतच नाही.

एनएक्सवाय-059 या औषधाचा पहिला मोठा अभ्यास 2006 मध्ये आशादायक ठरला, मात्र तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात 2007 मध्ये फायदा दिसला नाही. उशीर हेच अपयशाचे कारण असेल का, हे तपासण्यासाठी कॅलिफोर्नियात रुग्णवाहिकेतच मॅग्नेशियम देऊन पाहिले. 1,700 रुग्णांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांना ते पहिल्या तासातच मिळाले, आणि तरीही 2015 मध्ये निकाल नकारार्थी आला. नेरिनेटाइड या मेंदूरक्षक औषधाची गोष्ट अधिक बोलकी आहे. 2020 च्या 1,105 रुग्णांच्या अभ्यासात ते थ्रॉम्बेक्टॉमीसोबत दिले गेले. एकूण फायदा नव्हता, मात्र ज्यांना अल्टेप्लेस दिलेले नव्हते त्यांच्यात तो असल्याचे भासले, कारण अल्टेप्लेसमुळे सक्रिय होणारे प्लाझमिन हे गुठळी विरघळवणारे विकर नेरिनेटाइडचेच तुकडे करते. पुढे केवळ अशाच रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तो फायदा टिकला नाही.

मग आपल्या हाती प्रत्यक्षात येणाऱ्या औषधांचे काय? सिटिकोलिन सर्वांत परिचित आहे. घरी जाताना त्याची पट्टी, कित्येकदा पिरासेटामसह, पिशवीत असतेच. 2,298 रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात ते सहा आठवडे दिले गेले, पण फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध सुरक्षित आहे, हे मात्र खरे. डुकराच्या मेंदूपासून बनवलेले सेरेब्रोलायसिन दहा दिवस शिरेतून दिले जाते. आशियातील 1,070 रुग्णांच्या अभ्यासात त्याचाही ठोस लाभ दिसला नाही, म्हणून त्याचा खर्च उचलण्यासाठी कर्ज काढण्याचे मी कोणत्याही कुटुंबाला सुचवणार नाही.

एडारावोनकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. जपानने त्याला 2001 मध्ये मान्यता दिली, आणि चीनमध्ये त्याची डेक्सबोर्निओलशी सांगड घालून केलेला 1,165 रुग्णांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडऔषध घेतलेल्यांपैकी 67 टक्के, तर नुसते एडारावोन घेतलेल्यांपैकी 59 टक्के रुग्ण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झाले होते. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण तो जोडऔषधाचा आहे, नुसत्या एडारावोनचा नव्हे, त्यामुळे बिलावर नेमके कोणते लिहिले आहे ते पाहावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. भारतात 2023 मध्ये मान्यता मिळालेले सोव्हाटेलटाइड 24 तासांच्या आत सुरू करता येते, पण त्याचा निर्णायक भारतीय अभ्यास 158 रुग्णांचा होता. आशा ठेवावी इतका तो चांगला आहे, मात्र मोठ्या संख्येवर तो निकाल टिकतो का, हे पाहावे लागेल.

म्हणून पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे असताना माझा क्रम स्पष्ट आहे: आधी स्कॅन, मग पात्र असल्यास गुठळीचे इंजेक्शन किंवा थ्रॉम्बेक्टॉमी, आणि मेंदू जपणारे औषध त्यांच्या जोडीला. त्यांच्याऐवजी मात्र कधीही नाही. घरी आल्यावर दरमहाच्या औषधांचा खर्च झेपेनासा झाला, तर सिटिकोलिन थांबवण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. अ‍ॅस्पिरिन, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये, आणि वाचलेला पैसा फिजिओथेरपीकडे वळवावा.

कधी एखाद्या रुग्णालयात नव्या मेंदूरक्षक औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा होते. घाबरून नकार देण्याचे कारण नाही, आणि घाईत सही करण्याचेही नाही. संमतीपत्र मराठीत मागावे, चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा, आणि नेहमीचे गुठळीचे उपचार नवे औषध मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या अशा दोन्ही गटांना मिळणार आहेत ना, हे स्पष्ट विचारावे. चाचणीमुळे इजा झाल्यास 2019 च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे, आणि एकदा होकार दिल्यानंतरही कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडण्याचा अधिकार रुग्णाकडेच राहतो.