सहा बाय नऊचा भदोहीचा गालिचा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सदनिकेचा हॉल अकरा फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे, आणि स्वयंपाकघराकडच्या टोकाला जेवणाचे टेबलही त्यातच आहे. मधे भिंत नसल्यामुळे बसण्याची जागा कुठे संपते आणि जेवणाची कुठे सुरू होते, हे काही केल्या ठरत नव्हते. सोफ्यासमोरच्या दोन खुर्च्या आठवडाभरात सरकत सरकत टेबलाशी जाऊन टेकत. ही सीमा आखण्यासाठी गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही हातटफ्टिंगचा, म्हणजे कापडात यंत्राने लोकर टोचून केलेला, लोकरी गालिचा घेतला. आता एक उन्हाळा आणि बराचसा पावसाळा त्याच्यावरून गेला असल्याने त्याच्याविषयी काही जबाबदारीने सांगता येईल असे वाटते.

त्याआधीची चूक सांगणे आवश्यक आहे. पहिला गालिचा आम्ही छायाचित्र पाहून घरबसल्या मागवला होता, चार बाय सहा फुटांचा. तो आला, अंथरला, आणि टीपॉयखाली कुणीतरी हातरुमाल पसरून ठेवावा तसा दिसू लागला. सोफा आणि खुर्च्या त्याच्यापासून अंतर राखून उभ्या होत्या, त्यामुळे जागा बांधली जाण्याऐवजी अधिकच विस्कळीत भासत होती. विक्रेत्याने तो परत घेतला खरा, पण येण्याजाण्याचे भाडे आमच्या पैशांतून कापून घेतले.

दुसऱ्या वेळी मात्र फरशा मोजल्या. आमची फरशी साधारण दोन बाय दोनची आहे, म्हणजे सहा बाय नऊ याचा अर्थ तीन फरशा रुंद आणि साडेचार फरशा लांब. तेवढ्या जागेवर जुन्या चादरी दुमडून अंथरल्या आणि चार दिवस तशाच ठेवल्या. घरी आलेल्यांनी विचारपूस केली, ती सहन केली. या चादरींमुळे दोन गोष्टी कळल्या. साडेसहा फुटी सोफ्याच्या दोन्ही बाजूंना गालिचा फूट-सव्वा फूट बाहेर यायला हवा, आणि सोफ्याचे निदान पुढचे पाय तरी त्याच्यावर असायला हवेत. हे जमले की सोफा, खुर्च्या आणि टीपॉय एकाच कुटुंबातले वाटू लागतात. माझ्या मते रंग आणि नक्षी यांचा प्रश्न त्यानंतरचा आहे. दुकानात मात्र संभाषणाची सुरुवात नेहमी रंगापासूनच होते.

गालिचा आम्ही पुण्यातल्या एका प्रदर्शनात घेतला. माल उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा होता. तिथल्या हातविणीच्या गालिच्यांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. विक्रेता सगळ्याच मालाला ‘हँडमेड’ म्हणत होता. ते खोटे नव्हते, परंतु त्या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू झाकल्या जातात. गाठींच्या गालिच्यात माग लावून एकेक गाठ हाताने मारलेली असते आणि त्याला महिने लागतात. टफ्टेड गालिच्यात चौकटीवर ताणलेल्या कापडातून हातातल्या यंत्राने लोकर टोचत जातात, मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा, थर देतात आणि त्यावर अस्तर चिकटवतात. फरक ओळखण्यासाठी कोपरा उलटून पाहावा. मागेही नक्षी तितकीच स्वच्छ दिसली तर गाठींचा. अस्तराने सारे झाकलेले असेल तर टफ्टेड. गाठींच्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्या ताण्याचेच, म्हणजे मागावर ताणलेले उभे, धागे असतात, टफ्टेडला ती वरून शिवलेली असते. आमच्या मापाचा गाठींचा गालिचा तिपटीहून महाग होता, म्हणून आम्ही डोळे उघडे ठेवून टफ्टेड घेतला. एकोणीस हजार रुपये पडले.

रंग विटकरी, काठ गडद निळा. दुकानातल्या दिव्यांखाली तो घरातल्यापेक्षा उजळ दिसत होता. शिवाय लवेला, म्हणजे वर उभ्या राहणाऱ्या लोकरीच्या टोकांना, दिशा असते, ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती: आमच्याकडे दारातून पाहिले तर तो गडद दिसतो आणि बाल्कनीतून पाहिले तर चक्क एक छटा फिका. त्यामुळे घेताना चारही बाजूंनी फिरून पाहावे.

पहिले दोन महिने त्याने भरपूर लोकर गाळली. रोज सकाळी सोफ्याखाली मुठीएवढा विटकरी गोळा सापडे. लोकरी टफ्टेड गालिच्याचा तो स्वभावच आहे आणि पुढे ते कमी झाले. फिरता ब्रश बंद करून व्हॅक्यूम फिरवावा, आणि वर आलेला धागा ओढू नये, कात्रीने कापावा. एकदा अर्धा कप चहा सांडला. सुती पंचा नुसता दाबून धरल्यावर डाग राहिला नाही. लोकर द्रव चटकन आत घेत नाही, त्याचा हा फायदा. चमक पाहून व्हिस्कोस या रेशमासारख्या कृत्रिम धाग्याचा गालिचा घेतला असता तर एवढ्यानेही लव कायमची चपटली असती.

खरी तक्रार पावसाळ्याची आहे. जुलैत हॉलमध्ये रबर आणि ओली लोकर यांचा मिश्र वास येऊ लागला. कारण शोधता असे आढळले की लादी पुसताना ओला पोछा रोज काठाला लागत होता आणि अस्तराखाली ओल धरली होती. वीस किलोच्या आसपासचा तो गालिचा दोघांनी उचलून दोन दिवस पंख्याखाली उभा केला, तेव्हा वास गेला. आता मावशी काठापासून वीतभर अंतर सोडून पुसतात आणि ती पट्टी आम्ही कोरड्या फडक्याने पुसतो. लॅटेक्स काही वर्षांनी कोरडे पडून भुकटी होते, हेही माहीत आहे. पिढ्यानपिढ्या टिकणारी वस्तू हवी असेल त्याने टफ्टेडच्या वाटेला जाऊ नये.

खाली न घसरणारी जाळी घालण्यात मात्र हयगय करू नये. आमच्या आई काठी घेऊन चालतात आणि पहिल्याच आठवड्यात उचललेल्या कोपऱ्याला त्यांची काठी अडकली. त्या पडल्या नाहीत, पण त्याच संध्याकाळी जाळी आणली. शिवाय ज्यांचे दार गालिच्याच्या बाजूला उघडते, त्यांनी दाराखालची फट आधी मोजावी, कारण अर्ध्या इंचाची लवही दार अडवते.

खुर्च्या आता जागच्या हलत नाहीत. प्रदर्शनातल्या विक्रेत्याने जेवणाच्या टेबलाखालीही तसाच जोडगालिचा सुचवला होता. वरणभाताची शिते लवेतून वेचण्याची हौस नसल्यामुळे ती बाजू आम्ही उघडीच ठेवली आहे.