व्हीएमसीवर चक: हाताचा की हायड्रॉलिक?

गोल जॉब (पार्ट) व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर घ्यायचेत, तर ते पकडायला टेबलावर तीन जॉचा (जबड्यांचा), हाताने चावी फिरवून आवळायचा स्क्रोल चक बसवावा की तेलाच्या दाबावर आवळणारा हायड्रॉलिक, असा प्रश्न हमखास येतो.

खर्चात हाताचा चक सरळ जिंकतो. हायड्रॉलिकला पॉवर पॅक, होस, व्हॉल्व्ह सगळंच लागतं. व्यासांची रेंजही स्क्रोलचीच मोठी. हायड्रॉलिकचा जॉ जेमतेम काही मिलिमीटर सरकतो, साइज बदलला की जॉ सोडून सेरेशनवर (जॉ बसतो त्या दातांवर) पुन्हा बसवा.

पकडीत मात्र चित्र उलटं. चावीवर सकाळचा जोर वेगळा, शिफ्ट संपतानाचा वेगळा. पातळ भिंतीचं बुश (पोकळ नळीसारखा पार्ट) जास्त आवळलं तर बोअर, म्हणजे आतलं भोक, चकमध्ये गोल दिसतो, सोडल्यावर तीन कोनी होतो. हायड्रॉलिकला प्रेशर एकदा लावलं की प्रत्येक जॉबला पकड तीच. चक इथे फिरत नसल्याने वेगामुळे पकड सैल होण्याची भीती दोन्हीकडे नाही.

अचूकतेसाठी सॉफ्ट जॉ (मऊ, कापता येणारे जॉ) मशीनवरच बोअर करा, दोन्हींत. बर (कापताना निघणारा धातूचा चुरा) वरून थेट जॉमध्येच पडते, स्क्रोलमध्ये (जॉ सरकवणाऱ्या आतल्या चक्राकार आट्यांत) शिरली तर चावी जड फिरते. मग स्क्रोल चक खोलून धुवावाच लागतो.

रोज वेगळा जॉब, छोटे लॉट असतील तर स्क्रोल. एकच पार्ट शेकड्यांनी किंवा पातळ जॉब असेल तर हायड्रॉलिक.