पोलंडचं चर्च, चीनचं फालुन गोंग: दोन राजवटी, दोन पवित्रे

देवावरच्या श्रद्धेपेक्षा पक्षाला न विचारता जमणारी माणसं कम्युनिस्ट सत्तेला जास्त खुपतात.

पोलंडमध्ये सरकारने १९५३ साली पोलिश कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांना स्थानबद्ध केलं, पण १९५६ मध्ये सोडावं लागलं. मग घासाघीस सुरू झाली. चर्चला बिशप होते, मागे रोम होतं. निदान बोलणी कोणाशी करायची हे ठाऊक होतं. जून १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी आले. लाखो लोक जमले, शिस्तीत पांगले. आपण किती आहोत, हे लोकांनी स्वतःच पाहिलं. पुढच्याच वर्षी ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला, फाटकावर पोपचं चित्र होतं, आणि त्यातून सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली.

चीनने घासाघीस केलीच नाही. १९९२ पासून फालुन गोंग हा ध्यान आणि संथ हालचालींचा आध्यात्मिक पंथ बागांमधून व्यायामासारखा पसरला. अनुयायांत पक्षाचे सदस्यही होते (खरी धास्ती हीच). २५ एप्रिल १९९९ रोजी सुमारे १०,००० जण झोंगनानहाय या सत्ताकेंद्राबाहेर शांतपणे उभे राहिले. जूनमध्ये या पंथाला चिरडण्यासाठी खास ‘६१० कार्यालय’ स्थापन झालं, २२ जुलैला बंदी आली. वाटाघाटीला समोर होतं तरी कोण? संस्थापक अमेरिकेत होते.