शाळेसाठी घेतलेलं बॅरोमीटर: वस्तू चांगली, डायलवरचं लिहिलेलं सोडून द्या

मी लातूर तालुक्यात शाळेवर सायन्स शिकवतो. सातवीला हवेचा दाब शिकवताना दरवर्षी तेच ग्लासावर पुठ्ठा ठेवून उलटा धरायचं करून कंटाळा आला होता, म्हणून नांदेडला बहिणीकडे गेलो तेव्हा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून हे हवेचा दाब मोजायचं गोल पितळी रंगाचं बॅरोमीटर उचललं, 1,850 रुपये, खिशातून. दुकानाचं नाव घेत नाही, कामून ते पुढं कळेलच.

दुकानात काटा 970 मिलिबारच्या (हवेचा दाब मोजायचं माप) जरासा वर होता, सहा महिने पॅक होतं म्हणाले पण चालू होतं. घरी लातूरला आणून भिंतीला लावलं तर काटा 960 च्या पण खाली जाऊन एकदम तळाला टेकलेला, डायलच तिथून सुरू होतो. टिचकी मारली, हलवलं, काही नाही. मला वाटलं लोहा-अहमदपूर रस्त्याच्या खड्ड्यांनी आतलं काहीतरी तुटलं. फोन केला तर दुकानदार म्हणे घेऊन या, रिप्लेस होणार नाही पण बघू. पुढच्या रविवारी परत एसटीनं नांदेड, आणि काउंटरवर ठेवलं तर काटा आपला 970 वर! तो माझ्याकडं बघून म्हणतो, "सर, चांगलं तर चाललंय की." दुकानातली दोन गिऱ्हाईकं पण हसली. त्यालाही कारण माहीत नव्हतं हे नंतर समजलं, पण हसायला काय लागतं.

येताना मग खिडकीच्या सीटवर मांडीवर धरूनच बसलो. अहमदपूर येईस्तोवर काटा बराच खाली सरकलेला आणि तिथं बसमध्येच डोक्यात उजेड पडला, पोरांना जे शिकवतो तेच की हे! नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण 360 मीटरवर, लातूर 630 च्या आसपास. वर गेलं की डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाब कमी, आपल्या उंचीला दर नऊ-साडेनऊ मीटरला एक मिलिबार धरा. म्हणजे दोन गावात जवळपास तीस मिलिबारचा फरक. समुद्राकाठी सरासरी 1013, लातूरला 940. यंत्र खरं बोलत होतं, खड्डेही निर्दोष (त्यांचं दुसरं बरंच काही आहे ते सोडा).

तर घेणाऱ्यांनी हे आधी ऐका. डायल समुद्रसपाटीच्या हिशोबानं छापलेला असतो, पाठीमागं एक बारीक स्क्रू असतो तो फिरवून काटा वर आणावा लागतो. बॉक्समधल्या कागदावर याची एक ओळ नाही, दुकानदारानं सांगितलं नाही, माझा एक रविवार आणि दोन्हीकडचं तिकीट गेलं. मी छत्रपती संभाजीनगर विमानतळाचा समुद्रसपाटीच्या हिशोबात बदललेला दाबाचा आकडा मोबाईलवर बघून त्यावर सेट केलं. स्क्रू हळू फिरवा, एकदम फिरवलं तर काटा उड्या मारतो.

आत पारा-बिरा काही नाही. हवा काढून घेतलेली नागमोडी पत्र्याची चपटी डबी आहे, बाहेरची हवा ती दाबते, स्प्रिंग उलट ओढते, त्या केसाएवढ्या हालचालीवर काटा फिरतो. 1844 मध्ये लुसियाँ विदी नावाच्या फ्रेंच माणसानं हे काढलं, त्याआधी टोरिचेलीची 76 सेंटीमीटर पाऱ्याची नळीच होती. पोरांना सांगितलं की एका चौरस सेंटीमीटरवर जवळपास एक किलो हवा बसलीये, तर एक जण म्हणतो "सर मग दप्तर कामून जड लागतंय?" बरोबर आहे त्याचं, हवा सगळ्या बाजूनं दाबते, आतूनही, दप्तर एकीकडूनच.

आता खरी तक्रार. डायलवर लिहिलंय स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर, व्हेरी ड्राय, म्हणजे वादळी, पाऊस, बदल, स्वच्छ, एकदम कोरडं. हे युरोपातल्या हवेसाठी, तिकडं मोठमोठी कमी दाबाची क्षेत्रं डोक्यावरून सारखी जातात, काटा चाळीस-चाळीस मिलिबार हलतो. आपल्याकडं वर्षभर बिचारा चेंज आणि फेअरच्या मधेच. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या साली हे भिंतीवर असतं तरी व्हेरी ड्रायला पोचलं नसतं. पोरं फळ्यावर दहाला आणि चारला आकडा लिहितात, रोज दुपारी तीन-चार मिलिबार उतरतो, पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं रोजच पाऊस येणार. ती सूर्यानं वरचं वातावरण तापून उठणारी लाट आहे, दिवसातून दोनदा चढ दोनदा उतार, पावसाचा काही संबंध नाही.

मे महिन्यात सुट्टीत घरी आणलं होतं. गच्चीवर आईच्या कुरडया, चारच्या सुमाराला काटा नेहमीसारखा खाली, आई म्हणाली "तुझं घड्याळ काय म्हनतंय?" मी म्हणलं काही नाही, वाळू दे. तेवढ्यात पश्चिमेकडून काळं आभाळ, धुळीचं वारं सुटलं आणि काटा पाच मिनिटात दोन मिलिबार वर, म्हणजे फेअरकडं! ढगातून खाली कोसळलेली थंड जड हवा होती ती, दाब वाढणारच, पण मी कुरडया गोळा करू का काटा बघू. अर्ध्या भिजल्या. आई अजून त्याला घड्याळच म्हणते, आणि बंद पडलेलं.

वाऱ्याबद्दल विचाराल तर यातून अर्धंच कळतं. वारं दोन ठिकाणच्या दाबाच्या फरकानं वाहतं आणि हे एकाच ठिकाणचं सांगतं. राजस्थान-पाकिस्तानकडं उन्हाळ्यात दाब उतरतो, खाली दक्षिण हिंदी महासागरात मॉरिशसकडच्या मॅस्करीन बेटांजवळ चढलेला असतो, तिथून निघालेलं वारं विषुववृत्त ओलांडून उजवीकडं वळतं नि नैऋत्येचं होऊन येतं, सह्याद्रीवर पाणी ओतून आपल्याकडं नुसता जोर. जूनमध्ये पत्रे वाजतात, थेंब नाही, ते हेच. त्यासाठी आमचे आबा वावडीवर (खळ्यात धान्य उफणायची उंच तिपाई) उभं राहून चिमूटभर माती सोडून बघायचे ते जास्त कामाचं.

पाचपैकी साडेतीन स्टार. काच पातळ आहे, टांगायची कडी लगेच वाकली. पोरांनी डायलवरच्या इंग्रजी शब्दांवर बाहेरून पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यात, फक्त आकडे उघडे ठेवलेत.